राजे उज्जैनला मुक्काम करत नाहीत

आमच्या घरात चहा गार होतो तो माहितीमुळे. कप हातात घेतला की आमच्या ह्यांना काहीतरी आठवतं, आणि ते सांगून होईपर्यंत चहावर साय धरते. मी जळगावकडची. गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की इथे महाकाल आहे आणि उन्हाळा कडक असतो. बाकीचं सगळं उज्जैन मला ह्यांनी शिकवलं, मी न विचारता.

परवाचंच सांगते. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं होतं. मी म्हटलं, "अहो, सेल बदला." तर खुर्चीतून न उठता म्हणाले, "मागे नाही पडलं ते. तेच खरं बोलतंय. आपल्या गावात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा सरकारी घड्याळात साडेबारा व्हायला आलेले असतात. जुन्या ज्योतिषाची मध्यरेषा आपल्या उज्जैनवरून जायची. लंडनवाले तर खूप नंतर आले." मध्यरेषा उज्जैनवरून जायची हे खरं आहे, मी ते तपासून पाहिलं आहे. पण घड्याळात सेल अजून घातलेला नाही, आणि त्या दिवशी माझी दूधवाल्याशी चुकामूक झाली ती झालीच.

हे वीज खात्यातून निवृत्त झाले. पण खरी नोकरी त्यांनी आयुष्यभर पाहुण्यांची केली. आमच्याकडे कुणीही येवो, त्याला आधी रामघाट, मग गोपाळ मंदिर. गोपाळ मंदिर शिंद्यांच्या राणीने बांधलं, आणि त्याचं चांदीचं दार मूळचं सोमनाथचं, गझनीला जाऊन परत आलेलं, असं म्हणतात. हे त्यातलं 'असं म्हणतात' गाळून टाकतात. मग वेधशाळा, मग कालभैरव, तिथे देवाला दारूचा नैवेद्य कसा चालतो त्याचं प्रात्यक्षिक. पाहुण्याचे पाय दुखून तो माधवनगरला आमच्या घरी परत येतो तेव्हा मी पोहे-जिलबी समोर ठेवते आणि मनातल्या मनात त्याची माफी मागते. ह्यांचे कुणी खापरपणजोबा शिंद्यांच्या दफ्तरात कारकून होते. तेवढ्या नात्यावर हे शिंद्यांबद्दल असं बोलतात की ते शेजारच्या गल्लीत राहत असावेत.

हे सगळं मी चालवून घेतलं. माणूस वाईट नाही, पगार घरी आणला, बोलतो जरा जास्त. पण एका गोष्टीचा मला अजून राग आहे, आणि तो मी लपवत नाही. ह्या माहितीच्या नादात ह्यांनी माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्या घरातून घालवलं.

आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात चर्चा नसते. माझ्या आईने माझं केलं, जळगावला, मे महिन्यात, पंखा बंद ठेवून. मला एकच मुलगी. तिचं लग्न ठरायच्या आधीपासून माझ्या डोक्यात होतं, कुठली खोली तिला द्यायची, शेगडी कुठे ठेवायची, डिंकाचे लाडू किती वेळा करावे लागतील. आमच्या मागच्या खोलीत छताला लोखंडी कडी आहे. लेक ज्या पाळण्यात झोपली तो पाळणा मी जुन्या साड्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. घर बदललं तरी तो बरोबर आणला. म्हणजे ही इच्छा काही आजची नाही.

लेकीला स्थळ आलं ते बडोद्याचं. मुलगा पाण्याच्या पंपांच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, स्वभावाने गरीब. घराणं मात्र जुनं, नावापुढे राजे लावणारं. कुठेतरी नर्मदेकाठी त्यांची चार-सहा गावांची जहागीर होती म्हणे. ती केव्हाच गेली. आता तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, टीव्हीच्या वर भिंतीला एक तलवार, आणि व्याही सोसायटीचे चेअरमन. माणसं साधी होती. पाण्याची टाकी, लिफ्टची दुरुस्ती, असं बोलणारी. त्यांच्यात राजेपण होतं ते फक्त लग्नपत्रिकेपुरतं.

ते लोक बोलणी करायला उज्जैनला आले. जेवणं झाली. मी वरच्या खोलीत नव्या चादरी घातल्या होत्या, रात्री सगळे राहणार म्हणून. संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी वांगी आणून ठेवली होती. आणि ह्यांनी विड्याचं तबक पुढे करत व्याह्यांना म्हटलं, "तुम्ही तर राजे लोक. तुम्हाला आम्ही रुकवणार कसे? आमच्या उज्जैनमध्ये राजा रात्र रुकत नाही."

व्याह्यांनी विचारलं, "म्हणजे?"

झालं. ह्यांना दुसरं काय हवं होतं. ह्यांनी मांडी घातली आणि सांगितलं. उज्जैनचा राजा एकच, महाकाल. एका गावात दोन राजे झोपत नाहीत. दुसरा कुणी राजा इथे रात्री राहिला तर त्याचं राज्य जातं. म्हणून मोठमोठे राजे दिवसा दर्शन घेऊन संध्याकाळी वेशीबाहेर पडायचे. आजही श्रावणात महाकालाची सवारी निघते तेव्हा पोलीस पालखीला बंदुकांची सलामी देतात, राजाला देतात तशी. हे सगळं इथलं शेंबडं पोरही सांगेल. ह्यांनी ते नुसतं सांगितलं नाही, वाढलं. पंक्तीत आग्रह करून वाढतात तसं.

व्याही आणि विहीणबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. आयुष्यभर लिफ्टच्या तक्रारी ऐकलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी मनापासून राजा म्हटलं होतं. विहीणबाईंनी हातातला विडा तबकात परत ठेवला.

"मग आम्हाला निघायला हवं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "अहो, काहीतरीच काय. ते गमतीने म्हणाले."

"नाही नाही, विहीणबाई. गावाचा नियम तो नियम."

दिवस मावळायच्या आत ते गाडीत बसून जवळच्या देवास गावी लॉजवर गेले. माझ्या चादरी घडी न मोडता राहिल्या आणि वांगी दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी खाल्ली. हे म्हणाले, "अगं, मजाक होता. त्यांना अच्छं वाटावं म्हणून बोललो. मला काय माहीत ते इतके सिरियस घेतील?"

ज्या माणसाला गझनीहून दार कसं परत आलं ते माहीत असतं, त्याला समोरचा माणूस कसा आहे ते माहीत नसतं. मला ह्याचाच वैताग येतो.

लग्न बडोद्याला झालं, त्यामुळे ते निभावलं. मग आला दिवाळसण. जावयाची पहिली दिवाळी सासरी. पहाटे उटणं, तेल, अंघोळ, ओवाळणं. त्यासाठी जावई आदल्या रात्री घरात झोपलेला लागतो, एवढं साधं आहे. आमचे जावई आदल्या संध्याकाळी फराळ करून, सासूच्या पाया पडून देवासला गेले. पहाटे अंधारात गाडी दारात. लॉजच्या रूमवर कुणी तेल लावलं असेल देव जाणे, केस चपचपीत होते. थंडीने ओठ निळे पडलेले. मी उटणं लावताना विचारलं, "अहो, तुमचा तरी ह्यावर विश्वास आहे का?"

जावई म्हणाले, "मला काही नाही हो. पण आईसाहेबांना चुटपुट लागते."

लेकीला मात्र मोकळीक होती. ती एकटी आली की आठ-आठ दिवस राहायची. मी एकदा फोनवर विहीणबाईंना सरळ विचारलं, की तुमच्या सुनेला नियम नाही का? त्या अगदी सहज म्हणाल्या, "ती तुमच्याकडची ना." म्हणजे कारकुनाची. मी ते गिळलं, कारण लेक घरात होती आणि मला तेवढं पुरत होतं.

मग गोड बातमी आली आणि तेवढंही गेलं. लेकीला तिसरा महिना. मी आनंदाने फोन केला, की सातव्यात डोहाळजेवण करा आणि पाठवून द्या. विहीणबाई म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका. आता ती एकटी नाही. पोटात राजे आहेत. उज्जैनला रात्री कसं ठेवणार?"

मी फोन ठेवला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं मी फार वेळ पाहिलं असणार, कारण ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"टेन्शन घेऊ नको," म्हणाले. "मी बात करतो. इतिहासात ह्याची काट आहे."

पुढचे दोन-तीन रविवार आमच्या बैठकीत फोन स्पीकरवर ठेवून जी लढाई चालली, ती मी भाजी निवडत ऐकली. ह्यांनी आधी शिंदे काढले. अहो व्याही, ग्वाल्हेर नंतर झालं. त्याआधी शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती. राजधानीत राजा झोपणार नाही तर कुठे झोपणार? व्याही तिकडून शांतपणे म्हणाले, "म्हणूनच त्यांना पुढे ग्वाल्हेरला जावं लागलं."

मग ह्यांनी वेधशाळा काढली. ती बांधणारा जयपूरचा राजा इथे सुभेदार होता. वेध घ्यायचे म्हणजे तारे पाहायचे, आणि तारे काही दुपारी दिसत नाहीत. म्हणजे हा राजा रात्री उज्जैनमध्ये होता की नाही? मला हे बिनतोड वाटलं. माझ्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. व्याही म्हणाले, "होता. पण तो जागा होता. मुक्काम म्हणजे झोप."

मी शाळेत वर्षानुवर्षं पोरांची उत्तरं तपासली. चुकीचं उत्तर इतकं नीटनेटकं मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी ह्यांनी विक्रमराजाची गोष्ट काढली. नदीपलीकडे भुखीमातेचं देऊळ आहे. पूर्वी म्हणे ती रोज उज्जैनच्या नव्या राजाला रात्री खायची. विक्रमाने काय केलं, गावभर पक्वान्नं मांडली आणि पलंगावर आपल्या जागी मिठाईचा माणूस करून झोपवला. देवी तो खाऊन तृप्त झाली, नदीपार गेली आणि राजा वाचला. "तर अपन असं करू," हे म्हणाले, "पाळण्याशेजारी एक बेसनाचं बाळ करून ठेवू. उपाय शास्त्रातलाच आहे."

तिकडून विहीणबाईंचा आवाज आला, "म्हणजे धोका आहे हे तुम्हीही मानता."

मी उठले आणि फोन बंद केला. ह्यांनी चढवलेला राजा ह्यांनाच उतरवता येत नव्हता. उलट व्याही आता स्वतःच अभ्यासाला लागले होते. रोज सकाळी ह्यांच्या मोबाइलवर तिकडून काहीतरी येऊन पडायचं, की अमुक मंत्री उज्जैनला राहिला आणि त्याची खुर्ची गेली, तमुक साहेब आला आणि रातोरात परत गेला. खरं-खोटं देव जाणे. आमच्या गावाची गोष्ट आता बडोद्याचे लोक आम्हाला शिकवत होते, आणि हे ती वाचून मान डोलवत होते, "हे मला माहीत नव्हतं."

सगळ्यात जास्त राग मला लेकीचा आला. ती काहीच बोलली नाही. शिकलेली मुलगी, स्वतःचा फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते, गुडघे धरून बसलेल्या लोकांना उठवून चालायला लावते. मी म्हटलं, "तू तरी सांग ना त्यांना." ती म्हणाली, "आई, जाऊ दे. सगळ्यांशी सगळीकडे भांडायची ताकद नाहीये आत्ता. देवासला जागा बघ. तू असशील ना तिथे, मग तेच माहेर." मी जाऊ दिलं, पण मनाला लागलं. माहेर म्हणजे आई एवढंच नसतं. ती कडी असते, ती मागची खोली असते, शेजारणीने आणलेली खिमटी असते. हे तिला कसं सांगू?

देवासला ह्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या घरात वरच्या दोन खोल्या मिळाल्या. सामान चढवताना ह्यांनी माहिती दिली की देवास हे अजब गाव, एका गावात दोन राजे. थोरली पाती आणि धाकटी पाती, एका रस्त्याच्या ह्या बाजूला एकाचं राज्य, त्या बाजूला दुसऱ्याचं. दोन राजवाडे, दोन दरबार, सगळं जोडीने. मी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "म्हणजे इथे दोन-दोन राजे झोपायचे आणि कुणाचं काही बिघडलं नाही."

"इथे महाकाल नाही ना," हे म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून गादी उचलायला खाली गेले.

शेगडी देवासला आली. ओवा, बाळंतशेपा, डिंक, खारीक, जुन्या मऊ साड्या, सगळं आलं. पाळणा मी नेला नाही. दुसऱ्याच्या छताला भोक पाडायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो तिकडे न्यायचा म्हणजे हरल्याचं कबूल करायचं. पण मी देवासला असताना ह्यांनी उज्जैनला तो एकट्याने माळ्यावरून काढला, पुसला आणि मागच्या खोलीत कडीला टांगला. मला नंतर शेजारणीने सांगितलं. मी विचारलं तर म्हणाले, "लाकूड हवेशीर राहावं म्हणून."

लेक एका सकाळी बाळंत झाली. मुलगी. सव्वातीन किलो, डोक्यावर भरपूर केस, आवाज खणखणीत. जावई बडोद्याहून आले होते. त्यांनी तिला हातात घेतलं ते असं, की काचेचं काहीतरी चुकून आपल्याकडे आलं आहे. ह्यांना तर काही सुचेना. दवाखान्याच्या खिडकीतून देवीची टेकडी दिसत होती, तिच्याबद्दलसुद्धा काही बोलले नाहीत.

दुपारी विहीणबाईंचा फोन आला. व्याह्यांना ताप होता म्हणून ते दोघं निघू शकले नव्हते. फोन मीच घेतला, स्पीकरवर, म्हणजे लेकीला पडल्या पडल्या ऐकता येईल.

"लक्ष्मी आली, विहीणबाई," त्या म्हणाल्या. आवाज खरंच आनंदी होता, त्यात खोट काढणार नाही. लेकीची चौकशी केली, टाके किती पडले, दूध उतरलं का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "आता एक बरं झालं. तुमची केव्हापासूनची इच्छा होती ना. घेऊन जा खुशाल दोघींना उज्जैनला. मुलगी आहे, तिला कुठला आलाय नियम."

क्षणभर मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. माझं स्वयंपाकघर, मागची खोली, सकाळचं कोवळं ऊन त्या खोलीत कुठवर येतं ते, सगळं डोळ्यांपुढे आलं. संध्याकाळी ह्यांना गाडी आणायला सांगायची, इथपर्यंत मी पोचले होते. आणि मग मी लेकीकडे पाहिलं.

ती उशीवरून उठू बघत होती. जावयांनी हात दिला. तिने माझ्याकडे फोन मागितला नाही, तिथूनच बोलली, पण दवाखान्यातल्या आयांनाही ऐकू जावं इतकं स्पष्ट.

"आईसाहेब, आपल्या आत्याबाईंच्या नावापुढे राजे लावतात ना?"

"लावतात की. आपल्याकडे मुलींनाही लावायची पद्धत आहे."

"मग हिच्याही लावायचं. आणि लावलं की नियम आलाच. ही उज्जैनला रात्री राहणार नाही."

जावई खाली बघत होते. मला वाटलं, आता आईची बाजू घेतील. ते हळूच म्हणाले, "बरोबर आहे तिचं." त्या माणसाने देवासच्या लॉजवर एवढ्या थंड रात्री काढल्या, त्या सगळ्या ह्या एका वाक्याने मी त्याला माफ केल्या.

फोनवर विहीणबाई गडबडल्या. "अगं, हे काय आता? नियम म्हणजे गादीचा वारस असतो त्याच्यासाठी. उगाच हट्ट कशाला? तुझ्या आईच्याच मनात होतं ना? विचार तिला. विहीणबाई, तुम्हीच सांगा हिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेकसुद्धा. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला ओळखीची होती. शाळेत असताना बक्षीस समारंभाला स्टेजवरून मी आले आहे का ते शोधायची, तशी. मी एक शब्द बोलले असते तर दोघी माझ्या घरी आल्या असत्या. सगळी वर्षं जे हवं होतं ते ताटात वाढून समोर आलं होतं. फक्त त्यासाठी त्या एवढ्याशा मुलीला पहिल्याच दिवशी सांगायला लागलं असतं की तू कुणी नाहीस, तुला सगळीकडे झोपलेलं चालतं.

मला संताप आला. विहीणबाईंचा, व्याह्यांचा, त्या तलवारीचा, शिंद्यांचा, ह्यांच्या विड्याच्या तबकाचा. आणि माझाही, कारण क्षणभर का होईना मी खूश झाले होते.

मी फोन तोंडाजवळ धरला आणि म्हटलं, "राजे उज्जैनला मुक्काम करत नाहीत, विहीणबाई. गावाचा नियम तो नियम."

बारसं देवासला झालं, त्या वरच्या खोलीत, दाटीवाटीने. व्याही-विहीणबाई आले होते. जावयांच्या बहिणीने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने राजेसकट म्हटलं. विहीणबाईंनी बाळाचं दुपटं सारखं केलं, एवढंच. पण घुगऱ्या वाटताना व्याही ह्यांच्याजवळ सरकले आणि म्हणाले, "तसं पाहिलं तर ह्याच माळव्यात होळकरांची गादी एका बाईनेच सांभाळली." हे ऐकून आमचे हे एकदम खुलले. मी दोघांना चहा दिला आणि उभी राहिले, दोघांचाही संपेपर्यंत.

दोन महिने मी देवासला राहिले. संध्याकाळ झाली की हे एकटे उज्जैनला परत जायचे. ते कारकुनांच्या घराण्यातले, त्यांना मोकळीक.

लेक बडोद्याला परत जायच्या आधी आम्ही एक दिवस बाळाला घरी आणलं. सकाळी आणलं. शेजारणी आल्या, औक्षण झालं, काजळ-तीट झालं. दुपारी मी तिला मागच्या खोलीत पाळण्यात घातलं. नियम रात्रीच्या झोपेचा आहे, दुपारच्या झोपेबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही. दोन झोके दिले तशी ती झोपली. हे दारात उभे होते, मला वाटलं आता पाळण्याच्या लाकडाचा इतिहास सुरू होणार, पण गप्प होते.

लेक तिथेच जमिनीवर चटई टाकून झोपून गेली. मी दोघींकडे बघत बसले. मला एवढंच हवं होतं, इतकी वर्षं, आणि ते एका दुपारपुरतं मिळालं होतं.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. लेक झोपेतच म्हणाली, "आई, राहू दे गं, झोपू दे तिला. आजची रात्र." नंतर जागी झाल्यावर तिला ते आठवलंही नाही.

मी पाळण्याची दोरी धरली. मला राहू द्यायचं होतं, किती द्यायचं होतं ते सांगता येत नाही. मग मी बाळाला उचललं, दुपट्यात गुंडाळलं आणि ह्यांना म्हटलं, "अहो, गाडी काढा. राजांची निघायची वेळ झाली."